दोनशे चौदा नंबर

स्त्रातोसच्या दुकानात अत्तरांना नावं नाहीत,
नंबर आहेत.
नावं कंपन्यांची, आणि कंपन्यांचे वकील पॅरिसात.
दोनशे चौदा, मी म्हणाले.
त्यानं मोठ्या बरणीतून सिरिंजनं ओढून
साध्या बाटलीत भरलं.
सात युरो. झाकण फुकट.

मूळ वास मला सहा वर्षांपासून ठाऊक आहे.
थेसालोनिकीत थंडी सरली की
कल्लिरोई बाईंचा उंटाच्या रंगाचा कोट
आमच्या ड्रायक्लीनिंगमध्ये येतो.
मशिनातून निघाला तरी कॉलरमध्ये तो शिल्लक असतोच.
वाफ सोडली की उठून बसतो:
आधी देवदार,
मग ऊन लागलेलं चामडं,
आणि अगदी तळाशी
दुपारी झोपायला मिळतं अशा घरातली
गार फरशी.

बाटली मी कधी पाहिली नव्हती.

सकाळी सातला डाव्या मनगटावर दोनशे चौदा.
पहिला फवारा म्हणजे नुसता आरडाओरडा,
लिंबाची साल, स्पिरिट, न्हाव्याच्या खुर्चीतली घाई.
सात युरो पाण्यात गेले, म्हटलं.
नऊपर्यंत जरा शहाणं झालं.
साडेदहाला बाह्या सारताना
एकदम देवदार!
इस्त्री उभी करून ठेवली,
गिऱ्हाईक समोर ताटकळत होतं.

चामडं आलं, पण रेक्झीनचं.
शिवण मात्र बरी.
चारला वास उठून गेला,
कॉफी न घेता पाहुणा जातो तसा.
फरशी आलीच नाही.
मी नाक मनगटाला लावून
बस चुकेपर्यंत थांबले.

शनिवारी त्सिमिस्की रस्त्यावरच्या झगमगाटात गेले,
जिथे विचारायलाही चांगले बूट लागतात.
पोरीनं कागदाच्या पट्टीवर मूळ वास उडवला.
एकशे नव्वद युरो, ती म्हणाली, मी न विचारताच.
हुंगलं.
तेच लिंबू!
तोच आरडाओरडा,
फक्त उच्चार शुद्ध.
पट्टी पर्समध्ये ठेवली, चिल्लरीजवळ.
रात्री देवदार, पहाटे खरं चामडं,
रविवारी संध्याकाळीही चामडंच.
पण फरशी इथेही नाही.

म्हणजे ती बाटलीतली नव्हती.
बाईंच्या घरचीच असणार,
आणि घर काही
कुठल्याच नंबरात मिळत नाही.

कुणी विचारलंच तर सांगेन:
सोळा आण्यांतले अकरा,
तेही दुपारपर्यंत.
पण इस्त्रीवर उभं राहणाऱ्या बाईची
दुपारच तर काढायची असते.

मंगळवारी कल्लिरोई बाई कोट न्यायला आल्या.
पैसे मोजता मोजता थबकल्या,
"एव्हांथिया, तू काय लावतेस?"

मनगट काउंटरखाली नेत
"वाफ," मी म्हटलं,
आणि पावती फाडून दिली.

दाराशी जाऊन त्यांनी
स्वतःच्याच कोटाची कॉलर हुंगली.
दोनदा.