शिशाचा बिल्ला

गुरुवारी उपास, शुक्रवारी प्रश्न,
शनिवारी बिल्ले, रविवारी मेज.
आमच्या लुईस बेटावर वर्षातून दोनदा
वारा सोडून सगळं थांबतं.

बिल्ले माझ्याकडे. मंडळीतला वडील मी,
टॉर्कविल मॅकइव्हर, वय एकाहत्तर.
शिशाचे, चौकोनी, कडा झिजलेल्या.
ज्याला आपल्या तारणाची खात्री आहे
त्यानं यावं, हात पुढे करावा, बिल्ला घ्यावा,
रविवारी पांढऱ्या कापडाच्या लांब मेजाशी बसावं.
ज्याला नाही, त्यानं मागच्या बाकावरून बघावं.

मर्डिना साठ वर्षं बघत बसली.

शुक्रवारी पुरुष उठून बोलतात
खऱ्या विश्वासणाऱ्याची खूण काय, यावर.
कोणी म्हणतं, कृपा फुकटच, आपल्या हातचं काही नाही.
कोणी म्हणतं, मूळ जिवंत असेल तर फांदीला दिसेलच की.
कोणी आपलं पाप इतक्या चवीनं सांगतं
की पेंगणारी पोरं जागी होतात.
मीही बोललोय. चांगला बोलतो मी.
मर्डिना ऐकायची,
मांडीवर हात, नखांत पीट.

पीट म्हणजे दलदलीतली काळी जळाऊ माती.
मे महिन्यात विटांसारखी कापायची, वाळवायची, रचायची,
तेव्हा कुठे हिवाळा निभतो.
ज्या घरात कापणारे हात उरले नव्हते
त्या घराच्या दाराशी ऑगस्टात रास उभी असायची,
माशाच्या काट्यासारखी तिरकी रचलेली,
पाण्याला आत वाट न देणारी.
ती हातोटी गावात एकटीचीच.
कोणी आभार मानले तर म्हणायची,
"झोप लागत नाही मला. काहीतरी करावं लागतं."

आम्ही वडीलमंडळींनी एकदा चर्चाही केली होती:
बाई कृत्यांच्या भरवशावर तर नाही ना?
चहा, ओटची बिस्किटं, दीड तास.
चहाची चूल तिच्याच पीटवर पेटली होती,
हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

यंदाच्या शनिवारी ती आली नाही.
नियम मोडून मीच गेलो, बिल्ला खिशात घेऊन.
खाटेवर पक्ष्याएवढी उरलेली.
चुलीला मात्र स्वतः उठून पीट घातलेली दिसत होती.
तळहातावर ठेवला. म्हटलं, मर्डिना, आता तरी.
तिनं तो उलटसुलट केला,
अंगठ्यानं अक्षरं चाचपली.
"एवढासाच?" म्हणाली. "मला वाटायचं, जड असेल."

मग: "तुला आहे ना रे खात्री?"

मी तोंड उघडलं. शुक्रवारची सगळी वाक्यं
रांगेत उभी होती.
सतराव्या वर्षी मी हात पुढे केला
कारण बाप बघत होता.
तेव्हापासून दर वेळी पेला माझ्यापर्यंत येतो
आणि दातांवर वाजतो.
एवढंच आहे माझ्याकडे.
तेही मी बोललो नाही.

तिनं बरीच वाट पाहिली.
मग बिल्ला माझ्या मुठीत परत ठेवला,
एकेक बोट मिटवत,
जत्रेला निघालेल्या पोराला नाणं द्यावं तसा.
"मागच्या बाकावरून दिसतो तुझा हात," म्हणाली.
"मला बघायला आवडायचा.
वाटायचं, एवढा थरथरणारा चालत असेल तिथे
तर पुढच्या खेपेला मीही."

सोमवारी उपकारस्तुती झाली. बुधवारी ती गेली.
वाऱ्यात आळीपाळीनं खांदा दिला आम्ही,
बिल्ला घेणाऱ्यांनी आणि न घेणाऱ्यांनी.

पाळकांनी बिल्ले मोजले. बरोबर भरले.
एकावर काळा अंगठा उठलाय.
पुसायला म्हणून घरी आणला होता,
अजून फडक्यातच आहे.

नोव्हेंबर.
बायको गेल्यापासून माझ्याही दाराशी रास असते.
काल सगळ्यात खालचा थर काढला,
तीन आठवडे पाऊस झोडपत होता त्याला.
आतून सुका निघाला.