ब्याऐंशी लाख ठिपके

सातपूरचा एक कारखाना आवरत होता,
तिथून हा पडदा आणला, बत्तीस इंची,
गोधडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर आडवा.
त्र्यंबक रोडच्या दर गतिरोधकाला
रिक्षावाला मागे बघायचा.
"टीव्ही का, ताई?"
"नाही. नकाशे."

माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा, बिजागरी सैल,
लिनक्सवर चालतो, कारण लायसनचे पैसे
एका वर्षी चष्म्याला गेले
आणि मग सवयच झाली.

वायर जोडली. काळोख.
काळोखात एक निळी चौकट, 'सिग्नल नाही',
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात
हरवलेल्या पाहुण्यासारखी.
टर्मिनलमध्ये एक्सरँडर लिहिलं.
त्याने तलाठ्याच्या आवाजात वाचून दाखवलं:
जोडलेलं. न जोडलेलं. न जोडलेलं.

चित्र आलं, पण तीस हर्ट्झचं.
माउस हलवला की बाण मागून यायचा,
तोंडात पान असलेला माणूस
आधी मान हलवतो, मग बोलतो, तसा.
महात्मा गांधी रोडवरचा उदावंत म्हणाला होता,
"वायर सगळ्या सारख्याच."
साडेसहाशेच्या दुसऱ्या वायरने
दुसऱ्या भोकातून त्याला खोटं पाडलं.

साठ हर्ट्झ. बाण बोटाला चिकटला.
आणि अक्षरं? राजगिऱ्याएवढी.
दुप्पट केली तर लग्नपत्रिका,
दीडपट केली तर कडा ओलसर.
शेवटी पडदा होता तसा ठेवला,
नुसता फॉन्ट वाढवला,
खुर्ची वीतभर पुढे ओढली.

ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे ठिपके.
मोजले नाहीत, गुणाकार केला.

मग गिरणाऱ्याचा नकाशा उघडला,
चार वर्षांपूर्वी मीच काढलेला.
अख्खं गाव एकदम, न सरकवता, पहिल्यांदाच.
ओढा, शिवरस्ता, द्राक्षबागांचे पट्टे,
आणि गट दोनशे सतराच्या बांधाची रेघ
विहिरीच्या अलीकडून गेलेली.

अलीकडून.

मोजणीच्या वहीत ती पलीकडून आहे.
जुन्या पडद्यावर रेघ आणि विहीर
एकाच ठिपक्यात राहायच्या,
एका खोलीतल्या दोन भाडेकरणींसारख्या.
कोणती बाजू कुणाची,
विचारायची वेळच आली नाही.

झूम करता आलं असतं, हो.
पण माणूस शंका येते तिथेच झूम करतो,
आणि स्वतःच्या हातावर मला शंका नव्हती.

रिझोल्यूशन खाली आणून पाहिलं.
तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट.
विहीर पुन्हा रेघेवर जाऊन बसली,
दोघांची, कुणाचीच नाही.
चहा गार होईपर्यंत
मी तिला तशीच बसू दिली.

मग परत वर.
सव्वादहा वाजले होते. दौलत थेट्यांना फोन लावला.
"विहीर कुठे जाते, ताई? सकाळीच पाणी काढलं."
"विहीर नाही गेली. रेघ गेली."
पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.
"किती?"
"साडेतीन फूट. माझ्याकडून."
"मग टेप घेऊन या," ते म्हणाले,
"आणि त्या बाजूच्यांनाही सांगा. मी नाही सांगणार."

बोलेपर्यंत पडदा झोपला होता.
लॅपटॉप झोपून उठला की त्याला ओळखत नाही,
हे एवढं अजून सुटलेलं नाही.
वायर काढायची, टोकाला फुंकर मारायची,
फुंकरेचा काही उपयोग नसतो,
पुन्हा लावायची, थांबायचं.

आधी काळोख. मग ओढा.
मग रेघ, जिथे मी काढली तिथेच.