मेडशिंगी

भरकीने बी दिलं आश्रमशाळेच्या हजेरीपटाच्या
फाटक्या पानात गुंडाळून. पातळ, कागदी,
फुंकर मारली तर उडेल असं.
"पाणी जादा नको देऊ, मास्तरीणबाई.
लाडानं मरतं ते."

बदली होऊन चोपड्यात आले. प्लॉट नंबर अकरा.
खाली मुरूम, वर एप्रिल.
नळ नवव्या दिवशी, तोही पहाटे साडेतीनला.
त्याला मिळायचं डाळ धुतल्याचं पाणी,
आठवलं तर.

दुसऱ्या वर्षी काडी.
तिसऱ्या वर्षी जरा जाड काडी.
वत्सलाबाईंनी कुंपणावरून विचारलं,
"कसानं झाड शे हाई?"
नाव सांगितलं. त्या हसल्या
आणि लॉनला पाइप लावायला गेल्या.
ह्यांनी काडीला कपड्यांची दोरी बांधली.
मी सोडली. ह्यांनी पुन्हा बांधली.
त्यावर आम्ही फार बोललो नाही.

यंदा बोअरमधून नुसता वारा आला.
लॉन चटईसारखं गुंडाळून ठेवावं असं झालं.
सेहेचाळीस डिग्रीच्या एका रात्री
गच्चीवर डोळ्याला डोळा नाही,
आणि खालून कसला तरी वास.
वाकून पाहिलं, वाटलं
दोरीवर रुमाल राहिले वाळत.
जिना उतरून गेले.
रुमाल नव्हते.

सकाळी अंगणभर पांढरं पडलेलं. झाडलं नाही मी.
ह्यांनी दोरी सोडून खिडकीच्या गजाला बांधली,
कुणी न सांगता.

आता शेंगा वळताहेत मेंढ्याच्या शिंगांसारख्या.
वत्सलाबाईंनी एक मागितलीय.
मी कपाटात जुना हजेरीपट शोधतेय,
निदान एखादं पान.