येण्याचं कारण

सेलूच्या बँकेत, जेवणाच्या सुट्टीत,
एका हातानं डबा खात
मी तीन आठवडे खोल्या पाहत होते.
मोठी हॉटेलं सोडूनच दिली.
त्यांच्या चादरी इतक्या पांढऱ्या
की दवाखाना आठवावा,
आणि दवाखान्यासाठी तर त्या शहरात
मी अकरा वेळा गेलेली.

सासऱ्यांचं डायलिसिस, प्रदीपची परीक्षा,
बारशी, साखरपुडे, घाटीतली रांग,
दर वेळी मुक्काम सिडकोत, वन्संकडं.
गेटला हात लावायच्या आत कुकरची शिट्टी.
त्या गावात जाऊन उतरायचं दुसरीकडं
म्हणजे नात्याला नोटीस पाठवल्यासारखंच.

तरी बघत होते.
एकीला खिडकी होती, उघडत होती भिंतीवर.
एका ठिकाणी पितळेची इतकी घंगाळं
की आंघोळ राहिली बाजूला,
ही घासतं कोण, याचीच धास्ती.
एकाच्या पायरीवर कुत्रं झोपलं होतं, फोटोत.
कुत्रं आवडलं. भाडं नाही आवडलं.

मग ही सापडली.
पाणचक्कीच्या अलीकडं बोळात, पाच खोल्या,
आधी हिमरूचं गोदाम होतं म्हणे.
अंगणात डाळिंब. खोल्यांना आकडे नाहीत,
रंगांची नावं.
फोन लावला. नुसरतबाई म्हणाल्या,
"गरम पानी सुबू सात बजे तक.
बाकी आपकाच घर है, बाई."
म्हटलं, घर नकोय,
म्हणून तर विचारतेय.
त्या हसल्या, बराच वेळ.
"मग मोरपंखी घ्या. तिकडं कुणी हाक मारत नाही."

शनिवारी एकटीच उतरले गाडीतून.
ह्यांना सांगितलं होतं, बँकेचं ट्रेनिंग.
खोटं इतकं नीट जमलं
की पर्समध्ये वही घेतली, दोन पेनं घेतली.

रजिस्टरात नाव, गाव, आधार,
आणि पुढचा रकाना: येण्याचं कारण.
वरच्या ओळीत कुणी लिहिलेलं, मशीनचा पार्ट.
त्याच्या वर, वेरूळ.
मी एक आडवी रेघ ओढली.
नुसरतबाईंनी चष्म्यावरून पाहिलं
आणि चावी पुढं केली.

दुपारभर नुसती पडून राहिले.
पंख्याला चार पाती होती,
पाचवं मी उगाच शोधत होते.
संध्याकाळी गुलमंडीवर पाव किलो इमरती,
उभ्यानं, कुणासाठी बांधून न घेता.

सकाळी अंगणात नाश्ता.
डाळिंबाखाली एक पाठमोरी बाई,
ओले केस मोकळे सोडून
बशीत चहा ओतत होती.
बशी उचलताना करंगळी बाहेर.
ती करंगळी मी बावीस वर्षं ओळखते.

वन्सं.
स्वतःच्या घरापासून रिक्षानं साठ रुपयांवर.

आधी लाजायचं कुणी, तेच ठरेना.
"ट्रेनिंग," मी म्हणाले.
"मी पैठणला आहे," त्या म्हणाल्या, "पारायणाला."
आणि मग पदर तोंडावर दाबून
दोघी इतक्या हसलो
की वरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"अबोली घेते मी. तीन-चार महिन्यांतून एकदा.
घरी कुणी ना कुणी असतंच गं,
कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन."
बोलल्या आणि गप्प झाल्या.
मला अकराच्या अकरा शिट्ट्या ऐकू आल्या.
त्या बाईला गरम चहा पिताना
मी आजवर पाहिलंच नव्हतं.

माझी कपबशी आली.
साखर आणायला, सवयीनं, वन्सं उठू लागल्या.
म्हटलं, बसा की.
बसल्या.

सुशील्यात शेंगदाणे कमी होते,
फोडणीही जरा घाईची.
दोघींनाही ते कळलं.
दोघींनीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं.