घडीतला पेपर

पलंगावर बॅग जबडा वासून पडलीय
आणि हे खुर्चीत, नव्या गुडघ्याखाली उशी घेऊन,
तिथूनच हुकूम सोडतायत:
कॉलर खाली. बटणं एक सोडून एक लाव.
मी म्हटलं, साडीला कॉलर नसते.

थोडा वेळ शांतता.
मग, आण इकडे.

अठ्ठावीस वर्षं औषधांचे नमुने घेऊन हिंडले.
बिबवेवाडीहून रिक्षा, स्वारगेटहून एस.टी.,
सोमवारी सोलापूर, मंगळवारी लातूर, मग नांदेड.
डॉक्टरच्या दारात आधी शर्ट बोलतो, म्हणायचे,
आपण मागाहून.
चार शर्ट एकात एक, बाह्या एकमेकांच्या पोटात,
आणि प्रत्येक घडीत पेपरचं एक पान,
म्हणजे कापड मोडत नाही, नुसतं वळतं.

जाताना पान पुण्याचं असायचं.
येताना तिकडचं.

शुक्रवारी रात्री हे जेवून झोपले
की मी बॅग उपसायची. शर्ट बादलीत,
आणि पानं सरळ करून
ओट्याशी उभ्या उभ्या वाचायची.
शिलाई मशीन विकणे आहे, कारण बदली.
भागीरथीबाई पत्तेवार यांचा तेरावा.
गोदावरी घाटाच्या कितव्या पायरीला.
उदगीरजवळ हरवलेली म्हैस, डावं शिंग मोडकं,
आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस.

त्या गावांत मी कधी पाऊल ठेवलं नाही,
पण म्हशीचा घोर आठवडाभर.
पुढच्या शुक्रवारी नेमकं क्रीडापान!
जेवताना तोंडातून निघूनच गेलं, मिळाली का हो?
कोण?
कुणी नाही. आमटी वाढू?

त्यानंतर क्रीडापान कधी आलं नाही.
मला वाटलं, योगायोग.

आता यांच्या मांडीवर माझी इरकल.
बोटं थरथरतात, दुमड चुकत नाही.
जुन्या घडीवर घडी घालू नये, म्हणतात,
रेशीम तिथंच चिरतं.
आणि दोन बोटं अलीकडून वळवतात.

मृणालिनीच्या लेकीचं लग्न, भोपाळला.
संध्याकाळची झेलम. मी एकटी.
यांच्या गोळ्या, डब्याच्या बाईंचा नंबर,
गॅसचा कॉक कुठल्या बाजूला बंद होतो,
सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलंय.
वाचतील असं नाही.

आजचं पान साडीच्या पोटात सारतात.
शब्दकोडं अर्धंच सोडवलेलं,
आडवे सात कोरं.
मी म्हटलं, अहो, हे राहिलंय की.
गाडीत सोडव.

चेन लावली. एका जागी अडली,
साबण फिरवला, मग सरकली.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
येताना तिथला पेपर घाल घडीत.
हिंदी असतो हो तिकडे.
असू दे. पण पहिलं पान नको,
जाहिरातींचं बघ.
म्हशी असतात त्यात.