गरम नळाचं गार पाणी

रमजान संपला की रुवीतल्या आमच्या इमारतीमागे
विम्टोच्या बाटल्यांची पोती उभी राहतात,
तळाशी जांभळा, चिकट, मुंग्या लागलेला घोटभर गोडवा.
मोतालेबने ती ढकलगाडीवर चढवायच्या आत
मी नऊ उचलल्या.
'दीदी, इसका पैसा नहीं मिलता,' तो म्हणाला.
माहीत होतं.

आमऱ्या त्याआधीच घरी येऊन बसल्या होत्या,
आमच्या दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या,
फुलं गळली म्हणून सोनेरी कागदासकट
कचऱ्याच्या डब्यात उभ्या केलेल्या.
दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढलीत मी,
मुळांशी माझं जमतं.

बाटली कापायला लोकर लागते.
मस्कतमध्ये लोकर कुठून आणायची?
लग्नात आत्याने विणून दिलेला स्वेटर होता,
बदामी, एकदाही न घातलेला,
अकरा उन्हाळे कपाटात घडी होऊन पडलेला.
त्याची एक बाही उसवली.
सुटलेला धागा कुरळाच राहिला,
विणलेलं विसरायला तयार नव्हता.

नेलपॉलिश काढायच्या पाण्यात तो बुडवला,
बाटलीच्या खांद्याखाली तीन वेढे,
काडी.
निळी ज्योत बाटलीभोवती गोल धावली,
आणि मग गार पाणी पाहिजे, त्याच क्षणी.

इथेच सगळं अडतं.
मे लागला की आमच्या गार नळाला चहाचं पाणी येतं.
टाकी गच्चीवर, गच्ची तव्यावर.
म्हणून इथे सगळे गीझर बंद ठेवतात
आणि गरम नळातून गार पाणी घेतात.
हे फोनवर सांगितलं तेव्हा
आईने हेरंबला फोन द्यायला लावला होता.

गरम नळाखाली पहिली धरली, ती वाकडी तडकली.
दुसरी उभी चिरली.
तिसरीने माझं बोट कापलं.
चौथीला हेरंब म्हणाला,
'तीनशे बैसाला प्लास्टिकची कुंडी मिळते.'
मी बर्फ घातला.
पाचवी
टक्
एवढंच बोलली
आणि दोन झाली.

नवातल्या चार वाचल्या.
काठ पाण्याखाली पॉलिशपेपरवर घासले,
गालाला लावून बघितले.
डॉक्टर शेरीननी झिजलेला हिऱ्याचा बर दिला,
तळाला भोक पाडताना सवयीने तोंडून गेलं,
'दुखलं तर हात वर करा.'

राधानगरीकडे मामाच्या आंब्यावर सीतेची वेणी यायची.
बांडगूळ समजून मामा ती काठीने पाडायचा.
एकदा जंगल खात्याचा माणूस जाताजाता थांबला,
म्हणाला, 'झाडाचं काही खात नाही हो ती.
नुसती बसते.'
मामाने काठी खाली ठेवली,
पण पटलं नव्हतं त्याला.

काचेतून मुळं दिसतात, हा खरा फायदा.
तहानेली की चंदेरी,
प्यायली की वालाच्या शेंगेसारखी हिरवी.
पाणी एसीचं, बादलीत थेंबाथेंबाने जमलेलं,
ना क्षार ना चव, त्यांना तेच मानवतं.
मी रोज बघते. खरं तर दोनदा.
नवी टोकं काचेवरून बोटाने मोजते.

चौथी मोतालेबला दिली,
लेबल अर्धवट निघालेली, काठाला टवका उडालेली.
त्याने ती केबिनच्या खिडकीत ठेवली
हजेरीच्या वहीशेजारी.

जानेवारीत तिला दांडा आला. सात कळ्या.
माझ्या तिघींना पानांपलीकडे काही सुचलेलं नाही.
'काय घालतोस रे हिला?'
मी विचारलं, आवाज जमेल तितका साधा ठेवून.
वहीतून मान वर न करता तो म्हणाला,
'कुछ नहीं दीदी. भूल जाता हूँ.'

घरी आले,
तिघींकडे पाठ करून बसले.
पाच मिनिटं बसले असेन.
मग बघितलं.