डावा हात

स्वाकोपमुंडला धुकं दहाच्या आत हलत नाही.
इकडून समुद्र येतो, तिकडून वाळवंट,
आणि मधल्या पत्र्याच्या हँगरमध्ये
मी गुडघे टेकून पॅराशूटच्या घड्या घालते.
अकरा वर्षं झाली. गुडघ्यांना विचारा.

तुयाकुला फळीवर पालथी पडलीय,
चाकांची फळी, मेकॅनिक गाडीखाली सरकतात तसली.
गर्सन तिच्याभोवती चकरा मारतो:
कंबर खाली रेट. हनुवटी वर.
पोट जमिनीकडे, जमीन कितीही लांब असली तरी.
आता ओढ.

उजवा हात कमरेमागे मूठ शोधत जातो,
डावा जिथल्या तिथे.
गर्सन बुटाच्या टोकानं फळीला हलकेच ढकलतो,
ती गर्रकन फिरते, तिचं डोकं माझ्या पिशव्यांकडे.

गेल्या शनिवारी वर हेच झालं.
एक हात आत गेला, दुसरा पसरलेलाच राहिला,
आणि हवेनं लगेच डावं-उजवं केलं.
खांदा कलला. ती फिरत असतानाच छत्री उघडली.
दुर्बिणीतून मी दोऱ्यांचे पीळ मोजले: चार.
ती पाय झाडत होती, पीळ सुटेपर्यंत,
मी इथे खाली श्वास धरून.

त्या रात्री मी तिचं पॅराशूट
अंधारात, मनात, घडी-घडी उलगडून पाहिलं.
सकाळी गर्सन म्हणाला, "हिलेनी, तुझी घडी नव्हे, तिचा हात."
मला बरं वाटलं.
मग बरं वाटल्याची लाज वाटली.

"डावा कपाळापुढे आण," तो सांगतो,
"उजवा मागे निघाला की त्याच क्षणी."
"तिथे तो काय करतो?"
"काही नाही."
"मग कशाला?"
गर्सन टोपी काढतो, डोकं खाजवतो, परत घालतो.
"काही करत नाही म्हणून तर उजव्याला जाता येतं."

ती फळीवरच हसायला लागते.
वॉल्विस बेच्या कारखान्यात ती हेक मासे सोलते,
दिवसाला किती, ते तिलाही माहीत नाही.
उजव्यात सुरी. डावा नुसता धरून.
पगार सुरीचा, कौतुक सुरीचं,
डाव्याला सगळे डावलतात.
"पण तो हलला ना..." म्हणत ती अंगठा दाखवते,
पांढरा, आडवा, जुना वण.

मग कुणी काही समजावत नाही.
वीस वेळा. तीस वेळा. फळी हलत नाही.

"आणि नाहीच जमलं, उलटीपालटी झालीस,"
गर्सन आवाज उतरवतो, "तरी ओढ.
सरळ व्हायच्या नादात उंची घालवू नकोस.
आधी ओढ, मग सरळपणा."

साडेदहाला धुकं फाटलं.
तिच्या पाठीवर मी ओझं चढवलं,
पिन पाहिली, पट्टा पाहिला, पुन्हा पिन.
पाठीवर थाप मारणार होते, मारली नाही.
माझ्याकडचं सगळं त्या घडीत होतं.
पुढची जागा तिच्या पाठीवरची.
तिथे हवेचा एक खळगा असतो म्हणतात,
छोटी छत्री त्यात घुटमळते,
कडेला झोकून द्यावी लागते, वाहत्या वाऱ्यात.
मी तो खळगा कधी पाहिला नाही.
मी विमानात बसलेलीच नाही.

ठिपका. ठिपक्यानं दोनदा हात हलवले:
वर कुणी असाल तर दूर व्हा.
मग माझ्या दुर्बिणीला काही दिसेना,
माझाच हात थरथरत होता.

उघडली.
निळी, चौकोनी, वाऱ्याला तोंड देऊन.
अर्धा पीळ होता. मी मोजला.
तिनं काही करायच्या आत तो आपोआप सुटला.

उतरली ती रस्त्यापलीकडे, गुडघ्यांवर,
आणि सगळं कापड वाळूत लोळवत घेऊन आली,
तोंडभर हसत, डावा हात अजून कपाळापाशी.
"पाहिलंस?"
"वाळू पाहिली," मी म्हटलं. "ठेव इकडे."

डाव्या हातानं कापड दाबून धरलं
आणि उजव्यानं झटकायला लागले.